वन्यजीव माहितीपटांचं पदव्युत्तर शिक्षण: आधी प्राणी निवडा, मग विद्यापीठ

इंग्लंडमधले वन्यजीव माहितीपटांचे बरेचसे पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारण सप्टेंबरात सुरू होतात आणि वर्षभरात संपतात. बारा महिने ऐकायला भरपूर वाटतात. पण तिथल्या लाल हरणांच्या नरांची झुंज ऑक्टोबरात असते, म्हणजे तुम्हाला ट्रायपॉड नीट लावता येईपर्यंत ती उरकलेली असते. करड्या सीलची पिल्लं नोव्हेंबरच्या आसपास जन्मतात आणि जेमतेम तीन आठवडे आईचं दूध पितात. बेडूक फेब्रुवारी-मार्चमध्ये अंडी घालतात, नेमके तेव्हा तुमचे निबंध जमा करायचे असतात. पफिन पक्षी एप्रिलमध्ये बेटांवर येतात आणि जुलै सरता सरता पुन्हा समुद्रावर निघून जातात. प्राण्यांचं वर्ष आणि विद्यापीठाचं वर्ष यांचा मेळ आपोआप बसत नाही. तो बसवावा लागतो आणि त्याची सुरुवात प्रवेश घेण्याआधीच करावी लागते.

मला हे उशिरा कळलं. पदवी फिल्मचा विषय पक्का करायला मी डिसेंबर उजाडवला, आणि परवानगी हातात आली तेव्हा माझ्या पक्ष्यांची विणीची निम्मी धांदल संपली होती. वसाहत होती, पिल्लं होती, पण प्रियाराधन, घरट्याची जागा बळकावण्याची भांडणं, पहिलं अंडं यातलं काहीच माझ्याकडे नव्हतं. गोष्टीचा पहिला अंकच नाही म्हटल्यावर फिल्म मध्यापासून सुरू झाली आणि तशीच राहिली. पुढचं सगळं लिहितेय ते तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून.

नेमकं काय व्हायचंय?

'वन्यजीव फिल्ममेकर' या एका शब्दात पाच-सहा वेगवेगळी कामं आहेत. संशोधक गोष्ट शोधतो, शास्त्रज्ञांशी बोलतो, ठिकाण आणि हंगाम ठरवतो, निवेदनातली प्रत्येक माहिती तपासतो. निर्माता-दिग्दर्शक फिल्म डोक्यात धरून ठेवतो. कॅमेरामन किंवा कॅमेरावुमन महिनोन् महिने लपणात, म्हणजे प्राण्यांना दिसू नये म्हणून उभारलेल्या आडोशात, बसते. संकलक शेकडो तासांतून मिनिटं काढतो. ध्वनीवाल्यांचं जग आणखी वेगळं.

यातल्या कोणत्या कामासाठी सकाळी साडेतीनला उठायला आपली तक्रार नसेल, हे स्वतःला विचारा. फक्त कॅमेराच चालवायचा असेल तर माझं स्पष्ट मत असं की, पदव्युत्तर पदवीपेक्षा एखाद्या अनुभवी कॅमेरामनचा साहाय्यक म्हणून काढलेली दोन वर्षं जास्त शिकवतात. गोष्ट शोधण्याची आणि रचण्याची ओढ असेल तर मात्र हे शिक्षण फार उपयोगी आहे. एरवी पहिली नोकरी मिळते ती बहुधा संशोधकाची किंवा निर्मितीच्या मदतनिसाची, आणि अभ्यासक्रमांचा भरही त्याच तयारीवर असतो.

अभ्यासक्रम कसा पारखायचा

ब्रिस्टल हे या व्यवसायाचं माहेरघर. बीबीसीचा नॅचरल हिस्टरी विभाग १९५७ मध्ये तिथे सुरू झाला आणि त्याच्याभोवती खासगी निर्मितीसंस्था, संकलक, ध्वनिमिश्रक, लेन्स भाड्याने देणारे असं सगळं जग उभं राहिलं. तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंडचा वाइल्डलाइफ फिल्ममेकिंगचा एमए बीबीसीच्या याच विभागाच्या सहकार्याने आखलेला आहे. सॅल्फर्ड विद्यापीठाचा वाइल्डलाइफ डॉक्युमेंटरी प्रॉडक्शनचा एमए मीडियासिटी या प्रसारण आणि निर्मितीच्या केंद्राच्या परिसरात चालतो. नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये विज्ञान आणि निसर्गावरच्या माहितीपटांचं दिग्दर्शन व निर्मिती शिकवणारा दोन वर्षांचा एमए आहे. अमेरिकेत बोझमनच्या मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीत सायन्स अँड नॅचरल हिस्टरी फिल्ममेकिंगचा एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) आहे. विज्ञान शिकलेल्या माणसाला फिल्म शिकवायची, ही त्यामागची मूळ कल्पना, आणि तोही एका वर्षात उरकणारा नाही.

माहितीपत्रकं सगळ्यांचीच देखणी असतात, म्हणून ती बाजूला ठेवा आणि सरळ विचारा. शेवटची फिल्म प्रत्येकाची स्वतंत्र असते की गटाची? गटाची असेल तर कुणाची कल्पना घ्यायची हे कोण ठरवतं? लांब पल्ल्याच्या किती लेन्स आहेत आणि विद्यार्थी किती? एप्रिल ते जून प्रत्येकालाच ती लेन्स हवी असणार, तेव्हा वाटणी कशी होते? उपकरणं देशाबाहेर नेता येतात का, विमा कुणाचा? फिल्मचे हक्क तुमच्याकडे राहतात की विद्यापीठाकडे? गेल्या तीन वर्षांतले विद्यार्थी आज कुठे काम करतात?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विद्यापीठाकडून घेऊ नका. जुन्या विद्यार्थ्यांची नावं त्यांच्याच फिल्मच्या श्रेयनामावलीत सापडतात. दोघा-तिघांना नम्रपणे लिहा, बहुतेक जण उत्तर देतात. मी विचारला असता तर माझं वर्ष वाचलं असतं असा एक प्रश्न आहे: "तुमच्या फिल्मचं चित्रीकरण प्रत्यक्षात किती दिवस झालं?" आकडा लहान असतो. तो ऐकला की आपला विषय किती मोठा असावा याचा अंदाज येतो.

जवळपास असा खास अभ्यासक्रम नसेल तर माहितीपटाचा कोणताही चांगला पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. मग प्राण्यांचं ज्ञान तुमचं तुम्हाला कमवावं लागतं, एवढाच फरक. शिष्यवृत्ती आणि व्हिसा हे दोन्ही लागणार असतील तर शिष्यवृत्तीची अंतिम तारीख आधी पाहा. ती कित्येकदा प्रवेशअर्जाच्या तारखेच्याही आधी येऊन जाते.

एक प्राणी, जवळचा आणि रोज दिसणारा

अर्जाच्या निदान सहा महिने आधी एक प्राणी निवडा. त्याच्यापर्यंत चालत पोचता आलं पाहिजे, तो दिवसा दिसला पाहिजे आणि त्याचं काहीतरी काम पुन्हा पुन्हा चाललं पाहिजे. हा तिसरा निकष लोक विसरतात. बिबट्या आयुष्यात एकदा समोर येईल आणि तुमचा फोकस चुकलेला असेल. गांधीलमाशी, कोळी, पाणवठ्यावरचा खंड्या, वारुळाच्या तोंडाशी मुंग्या यांचं काम मात्र दिवसातून पन्नास वेळा चालतं. पहिल्या दहा वेळा तुम्ही चुकता, पुढच्या दहा वेळा शिकता आणि मग हवा तो शॉट मिळतो.

निरीक्षणासाठी निको टिनबर्गेनचे चार प्रश्न वापरा. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ मध्ये नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक. कुरव पक्ष्यांच्या वसाहतीत बसून त्यांनी स्वतः चित्रीकरणही केलं होतं. १९६३ च्या लेखात त्यांनी कोणत्याही वर्तनाला विचारायचे चार प्रश्न मांडले. हे वर्तन कशामुळे घडतं? प्राण्याच्या आयुष्यात ते कसं तयार होत जातं? त्याचा त्याला जगायला आणि वंश वाढवायला काय उपयोग? उत्क्रांतीत ते कसं आलं? फिल्मच्या दृष्टीने पहिला आणि तिसरा प्रश्न सोन्यासारखे आहेत. पहिल्यातून काय दाखवायचं ते कळतं, तिसऱ्यातून प्रेक्षकाने ते का पाहावं हे कळतं. चौथ्याचं उत्तर कॅमेऱ्यात येत नाही, ते निवेदनातच सांगावं लागतं.

वहीत वेळ, हवामान, प्राण्याने काय केलं आणि किती वेळ केलं एवढंच लिहा. 'सुंदर दृश्य' असं काही लिहू नका. दोन आठवड्यांनी वहीतून वेळापत्रक आपसूक वर येतं: ऊन त्या भिंतीवर आलं की वीस मिनिटांत गांधीलमाशी येते, ढगाळ दिवशी येत नाही. हे वेळापत्रक म्हणजेच तुमचं चित्रीकरणाचं नियोजन.

नमुना फिल्म: कुंभारणीचे दोन घट

अर्जासोबत बहुतेक ठिकाणी तुमचं आधीचं काम मागतात. त्यात काय पाहिलं जातं हे मला एका कुंभारीण माशीने शिकवलं, म्हणून ते सविस्तर सांगते.

खिडकीच्या चौकटीवर ती घट बांधत होती. ओल्या मातीची मुगाच्या दाण्याएवढी गोळी जबड्यात धरून यायची, घटाच्या काठावर ती पसरत मागे मागे सरकायची, मिशा काठाच्या आतबाहेर फिरवायची आणि उडून जायची. ताजा थर गडद, आधीचा वाळून फिका, त्यामुळे प्रत्येक खेप रंगावरून मोजता यायची. मी भारावून दीड तास फक्त घटाचे आणि तिच्या तोंडाचे जवळचे शॉट्स घेत राहिले. संध्याकाळी संकलनाला बसले तेव्हा लक्षात आलं की माशी कुठून येते, कुठे जाते, हे घर कुठे आहे, माती कुठली, यातलं काहीच नाही. शॉट एकेक सुरेख होते, पण एकाशेजारी एक ठेवले की ती जादूने प्रकट होत होती.

माझं नशीब म्हणजे कुंभारीण एका घटाशेजारी दुसरा घट बांधते. दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा बाजूला ठेवून आधी यादी केली. लांबून खिडकी आणि पलीकडची झाडं, म्हणजे ठिकाण कळेल. नळाखालची ओल, तिथे बसून माती मळणारी माशी. रिकामी चौकट आणि त्या रिकाम्या फ्रेममध्ये तिचं येणं. काठावर पसरणारा गडद थर. वरून घटाचं गोल तोंड. तिचा चेहरा, मिशांची हालचाल. फ्रेममधून बाहेर जाणं. मग रिकामी चौकट पुन्हा. एवढे शॉट हातात आल्यावर एका मिनिटाचा प्रसंग आपोआप जुळला, कारण प्राणी फ्रेममध्ये शिरला आणि बाहेर पडला की तिथे कट करता येतो आणि मधला वेळ हवा तेवढा गाळता येतो.

तिच्या खेपा साधारण तीन-चार मिनिटांच्या अंतराने होत होत्या, म्हणून ती यायच्या आधीच फोकस रिकाम्या काठावर लावून ठेवता आला. खरी कसोटी पुढे होती. घट पूर्ण झाल्यावर ती पोटाचं टोक तोंडात घालून अंडं घालते, हे अंडं आत बारीक धाग्याने टांगलेलं असतं. मग नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या आणून आत कोंबते आणि तोंड मातीने बंद करते. अळी घेऊन ती कधी येईल याचा नेम नव्हता. अशा वेळी कॅमेऱ्यातली प्री-रेकॉर्ड सोय वापरायची. कॅमेरा गेल्या काही सेकंदांचं चित्र सतत तात्पुरतं धरून ठेवतो आणि तुम्ही बटण दाबलं की त्याआधीच्या क्षणांसकट नोंदवतो. पहिल्या दिवशी ही सोय बंद होती. दुसऱ्या दिवशी हिरवी अळी पोटाशी धरून उतरणारी माशी पूर्ण मिळाली.

प्रवेश समितीला अशी दोन-तीन मिनिटं पुरतात. महागडा कॅमेरा किंवा दूरचा देश त्यांना नको असतो. सुरुवात, मध्य, शेवट आहे का, प्राणी काय करतोय हे निवेदनाशिवाय कळतं का आणि शॉट जोडायचं भान आहे का, एवढं ते पाहतात. संगीताच्या तालावर कापलेली सूर्यास्तांची आणि उडत्या पक्ष्यांची मालिका पाठवू नका. ती सगळेच पाठवतात.

अर्ज आणि मुलाखत

स्वतःबद्दलच्या निवेदनात 'लहानपणापासून निसर्गाची आवड' हे वाक्य गाळा. त्या जागी तुम्ही पाहिलेली एक गोष्ट लिहा.

फिल्मची कल्पना मागितली तर ती एका पानात बसवा. 'मला मधमाश्यांचं पर्यावरणातलं महत्त्व दाखवायचं आहे' ही कल्पना नव्हे, हा विषय झाला. कल्पना अशी असते: 'एक मादी. एका घटाला काही तास. माती वाळायच्या आत पुढची खेप आणायची, घट बंद व्हायच्या आत अळ्या भरायच्या. ती शिकारीला जाते तेव्हा घट उघडा असतो आणि परजीवी माश्या जवळच घिरट्या घालत असतात.' आता प्रेक्षकाला काळजी वाटते. कोण, त्याला काय हवंय, आड काय येतंय, वेळ किती आहे, हे चार धागे त्या पानात दिसले पाहिजेत. खाली ठिकाण, हंगाम, लागणाऱ्या परवानग्या आणि ज्याच्याशी बोललात त्या अभ्यासकाचं काम थोडक्यात लिहा.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे "प्राणी आलाच नाही तर?" याचं उत्तर घरून घेऊन जा. दुसरं ठिकाण, त्याच हंगामातला दुसरा प्राणी, किंवा त्याच्या मागावर असलेल्या संशोधकाची गोष्ट, यांतलं काहीही चालेल. फक्त ते आधी विचार केलेलं असावं.

वर्ष सुरू झाल्यावर

पहिल्या आठवड्यात एक मोठा कागद घ्या. वरच्या ओळीत विद्यापीठाच्या तारखा, खालच्या ओळीत प्राण्यांच्या. विणीचा हंगाम, स्थलांतर, भरती-ओहोटी, फुलोरा. दोन्ही ओळी जिथे एकमेकींना मोकळीक देतात तिथे तुमची फिल्म आहे. ब्रिटनमध्ये शिकत असाल तर हिवाळ्यात मावळतीला आकाशात हजारोंनी घोटाळणाऱ्या साळुंकीकुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे सरावासाठी उत्तम, कारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते जवळजवळ रोज त्याच वेळी येतात. मुख्य फिल्म वसंताची ठेवायची तर तिच्या परवानगीचा अर्ज ऑक्टोबरात गेला पाहिजे. संरक्षित क्षेत्र, समुद्रपक्ष्यांची वसाहत, खासगी जमीन, ड्रोन यांच्या परवानग्या वेगवेगळ्या लोकांकडून येतात, आणि घरट्याजवळ चित्रीकरण करायला काही प्रजातींसाठी वेगळा परवाना लागतो.

उपकरणांबद्दल थोडंच सांगते, कारण त्यावर लोक गरजेपेक्षा फार बोलतात. ६०० मिमीची लेन्स आणि फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर असेल तर ३० मीटरवरच्या प्राण्याभोवती फ्रेमची रुंदी जेमतेम १.८ मीटर असते. म्हणजे ट्रायपॉडच्या डोक्याला बोट लागलं तरी चित्र हलतं. पैसे किंवा उसनवारी यात निवड करायची वेळ आली तर कॅमेऱ्याआधी चांगलं फ्लुइड हेड, म्हणजे कॅमेरा अलगद फिरवू देणारं ट्रायपॉडचं डोकं, मिळवा. लांब लेन्समधून दुपारच्या तापलेल्या जमिनीवरून पाहिलं की हवा थरथरते आणि कोणतीही महागडी लेन्स ती थांबवू शकत नाही, म्हणून पहाट. सेकंदाला २५ फ्रेमच्या फिल्मसाठी १०० फ्रेमने चित्रीकरण केलं तर एक सेकंद चार सेकंदांचा होतो. सरड्याच्या जिभेला ते लागतं, चरणाऱ्या हरणाला नाही.

लपणाचा एक जुना उपाय अजून चालतो. पक्ष्यांच्या नजरेसमोर दोघांनी लपणात जायचं आणि थोड्या वेळाने एकाने बाहेर पडून निघून जायचं. माणूस गेला असं समजून पक्षी लवकर निवांत होतात. लपण एका दिवसात घरट्याशेजारी ठोकायचं नाही. ते लांब उभारून रोज थोडं थोडं जवळ आणायचं आणि पक्षी बेचैन झाला की मागे घ्यायचं.

दिवसाच्या शेवटी कितीही थकला असलात तरी त्या दिवसाच्या चित्रीकरणाची नक्कल (कॉपी) केल्याशिवाय झोपू नका. सेकंदाला ४०० मेगाबिटच्या चित्रीकरणात मिनिटाला ३ गिगाबाइट होतात, तासाला १८०. दिवसाचे चार तास धरले तर ७२० गिगाबाइट आणि दोन नकला म्हणजे त्याच्या दुप्पट. डिस्क आधी मोजून न्या. दोन नकला वेगळ्या पिशव्यांत, जमल्यास वेगळ्या खोल्यांत ठेवा. कार्ड पुसण्याआधी नक्कल उघडून पाहा. फाइलचं नाव दिसलं म्हणजे फाइल आली असं नसतं.

आवाज

दीडशे मीटरवरून हरणाचं चित्र मिळतं, त्याच्या खुरांचा आवाज मिळत नाही. म्हणून वन्यजीव माहितीपटांतले पुष्कळ बारीक आवाज नंतर स्टुडिओत तयार केलेले असतात. कॉर्नफ्लोअरची (मक्याच्या स्टार्चची) पिशवी दाबून बर्फावरची पावलं वाजवतात ती यातलीच युक्ती. विद्यार्थ्याने निदान ठिकाणाचा आवाज तरी खरा आणावा. प्रत्येक ठिकाणी कॅमेरा बंद करून पाच मिनिटं फक्त आवाज नोंदवा, पहाटेचा वेगळा, दुपारचा वेगळा, रात्रीचा वेगळा. संकलनात हीच पाच मिनिटं फिल्मला जागा देतात.

खरेपणा

१९५८ च्या 'व्हाइट वाइल्डरनेस' या ऑस्कर मिळालेल्या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरांसारखे प्राणी कड्यावरून पाण्यात उड्या घेऊन सामूहिक आत्महत्या करताना दाखवले होते. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने १९८२ मध्ये उघड केलं की ते प्राणी दुसरीकडून आणले होते आणि त्यांना कड्यावरून ढकललं होतं. लेमिंग आत्महत्या करत नाहीत. तरी तो समज आजही जिवंत आहे, आणि त्यात या फिल्मचा मोठा वाटा आहे. ही ताकद तुमच्या हातात येणार आहे, म्हणून अभ्यासक्रमातला नीतीचा तास चुकवू नका.

सगळी प्रकरणं इतकी सरळ नसतात. २०११ च्या 'फ्रोझन प्लॅनेट' मालिकेत हिमअस्वलाची नवजात पिल्लं गुहेत दिसली, ते चित्रीकरण प्राणिसंग्रहालयातलं होतं. जंगली अस्वलाच्या गुहेत कॅमेरा घालणं आईला आणि पिल्लांना धोक्याचं ठरलं असतं, म्हणून तो निर्णय प्राण्याच्या भल्याचा होता. वाद झाला तो प्रेक्षकाला कार्यक्रमातच हे सांगितलं नाही म्हणून. २०१८ मध्ये दाखवलेल्या 'डायनॅस्टीज' मालिकेच्या चित्रीकरणात अंटार्क्टिकात घळीत अडकलेल्या सम्राट पेंग्विनांसाठी बीबीसीच्या पथकाने बर्फात उतार खणून वाट करून दिली. 'निरीक्षकाने हस्तक्षेप करू नये' हा नियम तिथे मोडला आणि मला तो मोडणं योग्य वाटतं: कोणत्याही भक्षकाचा घास हिरावला गेला नाही, आणि केलेली गोष्ट लपवली नाही.

माझ्या कुंभारणीच्या फिल्ममध्ये दोन घटांचे शॉट एकत्र आहेत. प्रेक्षकाला एकच घट दिसतो. गालापागोस बेटांवरच्या इग्वाना सरड्यांचा सापांनी केलेला पाठलाग २०१६ मध्ये बीबीसीच्या 'प्लॅनेट अर्थ २' मालिकेतून जगभर गाजला, त्यातही काही शॉट वेगळ्या इग्वानाचे होते हे निर्मात्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं. इथे मी स्वतःपुरती रेघ अशी ओढली आहे. घडणाऱ्या गोष्टीचे तुकडे जोडले तर चालेल, न घडणारी गोष्ट जोडून घडवली तर चालणार नाही. विचारलं तर लगेच सांगता आलं पाहिजे. आमिष टाकणं, मादीला बोलावण्यासाठी ध्वनिमुद्रित हाक वाजवणं, घरट्यासमोरची फांदी कापणं हे करू नका. फांदी दोरीने बाजूला बांधा आणि निघताना सोडा, कारण ती फांदीच पिल्लांची सावली आणि आडोसा असते.

संकलन

आधी सगळं पाहा. पळवत नाही, पूर्ण. प्रत्येक क्लिपला प्राणी काय करतो ते एका ओळीत लिहा आणि उत्तम, चालेल, नको असे तीन भाग करा. मग संगणक बंद करून कागदाच्या चिठ्ठ्यांवर प्रसंग लिहा आणि जमिनीवर मांडा. क्रम बदलायला कागदावर एक मिनिट लागतं, संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या टाइमलाइनवर अर्धा दिवस.

पहिला कट निवेदनाशिवाय लावा आणि विषयाशी संबंध नसलेल्या माणसाला दाखवा. तो कुठे मोबाइलकडे बघतो ते लक्षात ठेवा. निवेदन त्यानंतर लिहा, आणि चित्रात दिसणारी गोष्ट त्यात सांगू नका. 'माशी मातीची गोळी आणते' हे दिसतंच आहे. 'ही गोळी वाळायच्या आत लावली नाही तर ती फुकट' हे दिसत नाही, ते सांगा.

फिल्म पूर्ण झाल्यावर

महोत्सवांत विद्यार्थ्यांच्या फिल्मना बहुधा वेगळा विभाग असतो. मोंटानातला मिसुलाचा इंटरनॅशनल वाइल्डलाइफ फिल्म फेस्टिव्हल १९७७ पासून चालू आहे, ब्रिस्टलचा वाइल्डस्क्रीन १९८२ पासून, जॅक्सन वाइल्ड १९९१ पासून. अर्जाच्या मुदती आणि फिल्मच्या लांबीची मर्यादा संकलनाआधी पाहून ठेवा, म्हणजे दोन मिनिटं जास्त झाली म्हणून फिल्म पुन्हा कापावी लागणार नाही. महोत्सवात भाषणं ऐकण्यापेक्षा मधल्या सुट्टीत बाहेर उभं राहणं जास्त फळाला येतं.

फिल्म महोत्सवापुरतीच ठेवू नका. माइक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावरच्या व्हेल शार्कच्या कत्तलीवर केलेला माहितीपट २००० मध्ये आला आणि २००१ मध्ये भारताने व्हेल शार्कला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण मिळणाऱ्या प्राण्यांच्या यादीत, स्थान दिलं. तुमची फिल्म एका तळ्याबद्दल असेल तर त्या तळ्याचा निर्णय घेणाऱ्या दहा माणसांना ती दाखवा. ज्या अभ्यासकाने तुम्हाला वेळ दिला त्याला न कापलेलं चित्रीकरणही द्या. त्याला त्यातून मोजमापं मिळतात, आणि पुढची गोष्ट बहुतेक वेळा त्याच्याकडूनच येते.

नोकरीसाठी निर्मात्यांना लिहाल तेव्हा पत्र सहा-सात ओळींचं ठेवा. त्यांच्या कोणत्या मालिकेतल्या कोणत्या प्रसंगामुळे लिहिताय ते एका ओळीत, एका मिनिटाच्या क्लिपचा दुवा, आणि खाली कुणीही अजून न चित्रित केलेल्या एका वर्तनाची कल्पना: कोणता प्राणी, कोणती जागा, वर्षातले कोणते आठवडे, कोणता अभ्यासक. हे शेवटचं लिहिणारे फार थोडे असतात. उत्तर आलं नाही तर तीन महिन्यांनी नवी कल्पना घेऊन पुन्हा लिहा, तोवर वही भरत राहा.